आप्पांची काळी पाच

मथुराने पेटी पुसली, एवढंच झालं. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. पण त्या सकाळी तिला कोणी हटकलं असतं तर तिनेच उलट विचारलं असतं, की आज घरात गौरीची पूजा, आणि गणपतीपुढची पेटी धुळीने माखलेली, हे शिवलकरांच्या घरात शोभतं काय?

पेटी तिच्या धाकट्या दिराची, अनिलची भेट. तिच्या नवऱ्याची, म्हणजे आप्पांची, जुनी पेटी भात्यातून गळायला लागली, तेव्हा अनिलने ही मुंबईहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेली. आप्पांनी आयुष्यात बायकोच्या हातच्या आमटीला बरं म्हटलं नाही, पण या पेटीवर त्यांचा भारी जीव. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. मथुराने ते गौरीच्या तिखट नैवेद्याला सुरमई आणायला मांडवी बंदरावर गेल्याची वेळ साधली आणि खोबरेल लावलेलं फडकं घेऊन बसली.

पट्ट्यांच्या उजव्या टोकाला, फटीत लाल मखमलीची एक घडी खोचलेली तिला दिसली. ओढून काढली तर कुबट वास. खाली बघते तर सगळ्या पट्ट्यांचा साचाच डावीकडे सरकलेला, आणि उजवीकडे दोन बोटं जातील एवढी जागा रिकामी.

"मेल्या दुकानदाराने वाकडीच गळ्यात मारली," मथुरा स्वतःशीच म्हणाली. तिने साचा जरा उचलून उजवीकडे ढकलला. टक्कन जागेवर बसला. मखमल तिने रिठ्याच्या पाण्यात टाकली आणि घावण्यांचं पीठ भिजवायला गेली.

चुलीपाशी सगुणा खोबरं खवत होती. सगुणा ही आप्पांची बहीण, पालीला दिलेली. गौरीला माहेरी आली की ती आधी खोबरं खवते आणि मग घरातल्या भानगडी.

"वहिनी, आप्पा काय म्हणतोय अनिलच्या जागेचं?"

"काय म्हणणार? बोळवणीच्या दिवशी सांगतो म्हणाले. म्हणजे उद्या."

"निलेश ऐकेल?"

मथुरा पीठ ढवळत राहिली. निलेश तिचा पोटचा, अनिल तिने वाढवलेला. ती या घरात आली तेव्हा अनिल सात वर्षांचा होता आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्याच्या शाळेच्या डब्यापासून गिटारच्या तुटलेल्या तारेला पैसे चोरून देण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. आता तो साठीपार झालेला, लग्न राहूनच गेलेलं, आणि मुंबईत भांडुपला ज्या भाड्याच्या खोलीत राहायचा ती इमारत पाडायला काढलेली. घरामागे, सुरूच्या बनाला लागून जी मोकळी जागा आहे तिथे एक खोली बांधून राहू दे, एवढंच त्याचं मागणं होतं. आपला वाटा त्याने तरुणपणी, बोटीवर वाजवायला गेला तेव्हाच, आप्पांच्या नावे सोडून दिला होता. 'मला काय करायची जमीन' म्हणाला होता शहाणा. म्हणून आता मागावं लागत होतं.

आणि तिथेच निलेशला पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या होत्या. समुद्र दिसतो अशी घराभोवती ती एकच जागा.

"मी अनिलच्या बाजूने," सगुणा खवणीवरून म्हणाली. "माझं मत सांगून ठेवते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात वाजवलंन, आता एक दार त्याला नको?"

"ते आप्पांना सांगा, वन्सं. मला सांगून काय होतंय."

*

संध्याकाळी आरती झाली आणि वाडीतलं भजनी मंडळ पडवीत बसलं. अनिल नेहमीच्या जागी, आप्पांच्या डाव्या हाताला, जरा मागे. ती जागा त्याला कोणी दिली नव्हती. चाळीस वर्षं तो गाणाऱ्याच्या डावीकडे, जरा मागे बसत आला होता, म्हणून इथेही तसाच बसायचा.

काय काय वाजवलं होतं त्याने. वडील बोटीवर खलाशी होते, त्यांनी कुठल्याशा बंदरातून आणलेली पहिली गिटार. मग मुंबईचा ऑर्केस्ट्रा, मग मोठ्या प्रवासी बोटीवर रोज रात्री गोऱ्या म्हाताऱ्यांना नाचवणारा बँड, मग स्टुडिओ. मेंडोलिन हवं तर मेंडोलिन, बेंजो हवा तर बेंजो, वसईच्या लग्नात बेस, नाटकात मागे पडद्याआड बसून टेलिफोनची घंटासुद्धा. गाणी लिहिली ती नाटकांसाठी, साबणाच्या जाहिरातीसाठी, एका पुढाऱ्याच्या प्रचारासाठी, आणि भावाच्या भजनासाठी. यातली फक्त भजनाची तेवढी माणसं गुणगुणत राहिली. स्टुडिओत आता एक पोरगा संगणकापुढे बसून दहा गिटारी एकटा वाजवतो, आणि त्या खऱ्या वाटतात, यात काही खोटं नाही.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. रत्नागिरी-कोल्हापूर गाडीत मागच्या सीटवरून 'पाली, पाली' असा आवाज दिला की पुढचा डुलकी घेणारा दचकून उतरायचा. भजनात ते काळी पाचमध्ये गायचे. पेटीवरची ही पट्टी पुरुषाच्या गळ्याला फार उंच. भल्याभल्या बुवांची तिथे दमछाक होते. पुलापलीकडे रत्नागिरी शहरातही आप्पांना 'काळी पाचवाले आप्पा' म्हणूनच ओळखत. सत्तरी ओलांडली तरी त्यांचं बोट पेटीच्या त्याच काळ्या पट्टीवर पडायचं आणि ते म्हणायचे, "अजून आहे हो. देवाची कृपा."

"नाखवा घेऊया," आप्पा म्हणाले. मंडळ सरसावून बसलं. हे अनिलचंच गाणं, सगळ्या वाडीला पाठ. पखवाजावर बाळा होता. त्याने कणीक लावून पखवाज दुपारीच जुळवून ठेवलेला. आप्पांनी भाता दाबला, काळी पाचवर बोट ठेवलं, आणि पेटीतून जो सूर निघाला तो ऐकून अनिलने गिटारच्या तारांवरून हात उचलला.

सूर खरा होता. खरा काळी पाच.

बाळाने पखवाजावर थाप मारली, ती बेसूर वाजली. त्याने मान वर करून अनिलकडे बघितलं. पण आप्पांनी तोंड उघडलं होतं.

"वारा फिरला, शीड फिरव रे नाखवा,
किनारा काही चालत येत नाही."

पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरीत 'किनारा' वर चढतो, आणि तिथे आप्पांचा आवाज फाटला. साधासुधा नाही, पडवीत बसलेली पोरंही हलायची थांबली. आप्पांनी खाकरून घेतलं, पुन्हा उचललं. पुन्हा फाटला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, तरी बोट काही पट्टीवरून हलेना. तिसऱ्यांदा त्यांनी श्वास भरला, तेव्हा अनिलला राहवलं नाही.

गिटार बाजूला ठेवून तो पुढे झाला. आप्पांच्या हाताखालून हात घालून त्याने पट्ट्यांचा साचा उचलला आणि डावीकडे सरकवला. एक घर, दोन घरं, तीन, चार. अंधारातही केलं असतं इतका सवयीचा हात. टक्कन साचा बसला.

"आता घे," तो हळूच म्हणाला.

आप्पांनी घेतलं नाही. ते पेटीकडे बघत होते. त्यांनी बोट पुन्हा काळी पाचवर ठेवलं आणि भाता दाबला. रोजचा, ओळखीचा, सोपा सूर निघाला. बाळाच्या पखवाजाशी अगदी जुळणारा.

"ही कुठली पट्टी?" आप्पांनी विचारलं.

झांजवाल्या पोरांनी झांजा मांडीत घेतल्या.

"बाळा, तुला विचारतोय. पखवाज कशात लावलास?"

बाळा पन्नाशीचा बाप्या, पण खाली मान घालून बसला. "काळी तीनात, आप्पा," तो म्हणाला.

आप्पांनी भाता मिटून खिट्टी लावली. "माझा घसा बसलाय. तुम्ही पुढचं घ्या," म्हणाले आणि उठून घराशेजारच्या माडांच्या आगरात निघून गेले. पुढचं कोणी घेतलं नाही. मंडळाला घावण्यांबरोबर गोड घाटलं वाढलं, ते त्यांनी खाली बघून खाल्लं आणि एकेक करून गेले.

*

निलेशला राग आला होता, आणि तो कसला ते त्याला नीट कळत नव्हतं. वाडीसमोर बापाची शोभा झाली याचा होता. पण त्याच्याआड दुसरं काहीतरी होतं, आणि ते जरा आनंदासारखं लागत होतं. त्याची त्याला लाजही वाटली. ती झाकायला तो जास्तच मोठ्याने बोलला.

"काका, किती वर्षं चाललंय हे?"

अनिल पडवीच्या खांबाला टेकून बसला होता. "पेटी आणली त्याच्या पुढच्या वर्षापासून. दरवर्षी नाही. लागेल तसं, एकेक घर खाली, आणि फट दिसू नये म्हणून मखमल."

"म्हणजे तुम्ही पेटीच तशी आणलीत. सरकणारी."

"सगळेच वापरतात रे. स्केल चेंजर म्हणतात. गाणाऱ्याने बोटं बदलायची नाहीत, सूर खाली येतो."

"गाणाऱ्याला ठाऊक असतं ना पण ते? तुम्ही माझ्या बापाला फसवलंत. सगळ्या वाडीला ठाऊक, आम्ही घरातली माणसं तेवढी बावळट."

"माझीच चूक," मथुरा दारातून म्हणाली. "मी पुसली पेटी. मला काय म्हायत सरकवून ठेवलीय. मला वाटलं वाकडी झालीय."

"आई, तू गप्प बस. तुझी कसली चूक?"

सकाळी खोबरं खवताना अनिलच्या बाजूने असलेली सगुणा आता भिंतीला टेकून बसली होती, आणि तिचा चेहरा आंबट झालेला. "अनिल, तू मला तरी सांगायचंस," ती म्हणाली. "मी पालीत सगळ्यांना सांगत सुटते, माझा भाऊ ह्या वयात काळी पाचात गातो. परवाच विहिणीला सांगितलं. आता काय तोंड दाखवू?"

"ताई, तुझी विहीण कधी पेटीवर बोट ठेवून बघणार आहे?"

"चेष्टा सुचतेय तुला."

निलेशची बायको वेदिका पत्रावळी गोळा करत होती. सासरच्या भांडणात ती सहसा पडत नसे. पण आज तिने पत्रावळी खाली ठेवल्या. "काकांनी केलं नसतं तर आप्पांनी भजन तेव्हाच सोडलं असतं," ती नवऱ्याला म्हणाली. "गेल्या वर्षी ते आजारातून उठले, ते भजनासाठीच उठले ना? डॉक्टरसमोर तुम्हीच म्हणालात."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"बाजू कसली. झालं ते सांगितलं."

निलेशला हे जास्त झोंबलं. "बरोबर आहे. काका वर्षातनं सात दिवस येणार, दोन गाणी वाजवणार, आणि सगळ्या घराचे लाडके. आप्पांचं पथ्य कोण बघतंय? वादळात आगर झोपलं तेव्हा माड कोणी पुन्हा लावले? मुंबईची नोकरी सोडून मी आलो ना इथे. मला कोणी पेटी दिली नाही. मला चार खोल्या बांधायच्यात, त्याला मात्र सगळ्यांचं तोंड वाकडं."

यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि अनिलला ते ठाऊक होतं. वादळाच्या वर्षी तो भांडुपच्या खोलीत बसून फोनवर 'काळजी घ्या' म्हणाला होता, एवढाच त्याचा हातभार.

"निलेश, तू बांध खोल्या," तो म्हणाला. "मी सकाळच्या गाडीने जातो."

"बोळवण झाल्याशिवाय ह्या घरातून कोणी जात नाय," मथुरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. वेदिकाने पत्रावळी पुन्हा उचलल्या.

*

सकाळी आप्पा आगरात माडांना आळी करत होते. गणपतीच्या दिवसांत, पावसाळ्यात, माडांना आळी कोण करतं? पण माणसाला काहीतरी खणायचं असतं. अनिल दोन कप चहा घेऊन गेला आणि चिऱ्याच्या बुटक्या गडग्यावर कप ठेवून उभा राहिला.

आप्पांनी फावडं थांबवलं नाही. "अजून कोणाकोणाला ठाऊक?"

"बाळाला सांगावंच लागलं. त्याला पखवाज लावायचा असतो. झांजवाल्या पोरांना आपोआप कळलं असणार."

"म्हणजे सगळ्यांना."

"पण कोणी हसलं नाही, आप्पा. इतक्या वर्षांत एकदा कोणी हसलं नाही."

"तेच तर," आप्पा म्हणाले. "हसले असते तर मला कळलं असतं. मी त्यांना शहाणपण शिकवत बसायचो. नव्या पोरांना म्हणायचो, दम लावा, मी बघा या वयात. आणि ती मान हलवायची." त्यांनी फावडं जमिनीत रोवलं. "असं का केलंस?"

अनिलकडे उत्तर तयार होतं. रात्रभर त्याने तेच तर जुळवलं होतं. "आमच्या कामात हेच शिकवतात. गाणाऱ्याचा आवाज ज्या दिवशी असेल, तसं वाजवायचं. मोठमोठे गाणारे बघितले मी. घसा धरला की आम्ही गुपचूप खाली घ्यायचो. त्यांना कळू द्यायचं नाही. कळलं की त्यांचा धीर सुटतो, मग खालचाही लागत नाही. कळू न देणं हीच त्यातली कला."

"मी तुझा गाणारा नाय, अनिल. मी तुझा भाऊ हाय."

अनिल गडग्यावर बसला. सुरूच्या बनापलीकडे समुद्राचा आवाज येत होता. चहावर साय धरली.

"मला भीती वाटली," अनिल शेवटी म्हणाला. "तू गायचा थांबलास तर मला इथे यायला कारण राहणार नाही, अशी. तू मला आयुष्यात दुसऱ्या कशासाठी बोलावलंस सांग. गिटारला तू तुणतुणं म्हणायचास. बोटीवर गेलो तेव्हा स्टँडवर सोडायलासुद्धा आला नाहीस, आणि कंडक्टर तूच होतास. फक्त गणपतीत म्हणायचास, 'अनिल, चल रे, साथीला बस.' मग मी तेवढं तरी टिकवलं."

आप्पांनी कप उचलला आणि साय बोटाने बाजूला केली. चहा एका घोटात संपवला. कप अनिलच्या हातात दिला आणि पुन्हा फावडं घेतलं. अनिल घरात येऊन गिटारची पिशवी बांधून बसला. त्याच्या मते निकाल लागला होता.

*

दुपार कलली तशी वाडीची माणसं शिवलकरांच्या घरासमोरच्या खळ्यात जमली. गौरी-गणपतीची बोळवण एकत्रच. ताशा दारात आला. बाळाही आला, पण कुंपणापाशीच उभा राहिला. सगुणा त्याच्याशी बोलेना.

गणपती पाटासकट दारात आणून ठेवला. आता गाऱ्हाणं. घरचा कर्ता पुरुष देवाला सगळं सांगतो, मागायचं ते मागतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. देवापुढे म्हटलेलं 'होय' मागे घेता येत नाही. दरवर्षी आप्पा गाऱ्हाणं घालत तेव्हा पुलावर ऐकू जाई, असं लोक म्हणत. पण कालपासून ते घरात कोणाशी चार शब्द धड बोलले नव्हते. मथुराला धास्ती वाटली, की ते निलेशला पुढे करतात की काय.

आप्पा नारळ घेऊन पुढे आले. साध्या, बसक्या आवाजात सुरुवात केली. मागच्यांना ऐकू येईना म्हणून माणसं आपसूक पुढे सरकली.

"बा गणराया महाराजा, आज तुझी बोळवण करतोय. चुकलं माकलं पोटात घाल."

"होय महाराजा."

"पोरंबाळं, गुरंढोरं, माडपोफळी सांभाळ."

"होय महाराजा."

"तुझ्यासमोर मी इतकी वर्षं काळी पाच म्हणून जे गायलो ते काळी तीन होतं. तुला तेव्हाच कळलं असंल. मला काल कळलं."

आता काय म्हणायचं? माणसं एकमेकांकडे बघायला लागली. होय म्हणावं तर कबुली, न म्हणावं तर देवाला खोटं पाडलं. कुंपणापासून बाळाचा आवाज आला, "होय महाराजा," आणि मग हळूहळू सगळ्यांनी म्हटलं. कोणीतरी खुसकन हसलं. आप्पांच्याही मिशीत काहीतरी हललं.

"पुढच्या वर्षी तीनातच गाईन. आणि सांगून गाईन."

"होय महाराजा." हे मात्र जोरात आलं.

आप्पांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "माझा मुलगा निलेश. सगळं सोडून ह्या घरासाठी इथे आला. आम्ही त्याला कधी तोंडावर बरं म्हटलं नाय, ती आमच्या घराची खोड. त्याला घरामागे खोल्या बांधायच्यात. त्या उभ्या राहू देत. त्याला यश दे."

"होय महाराजा."

निलेश पाटाला हात लावून वाकला होता. तो तसाच राहिला. बापाच्या तोंडून हे ऐकायची त्याला सवय नव्हती. वेदिकाने पदर तोंडाला लावला.

"त्यातली समुद्राकडची पहिली खोली माझ्या भावाची, अनिलची. ती भाड्याने जायची नाय. मी असलो तरी आणि नसलो तरी. तो पाहुणा म्हणून येतो, ते आजपासून बंद."

"होय महाराजा," माणसं म्हणाली. निलेश क्षणभर थांबला. समुद्राकडची खोली, जिचं भाडं सगळ्यांत जास्त येणार ती. मग त्याने खाली मान घालून, गणपतीच्या पायांकडे बघत म्हटलं.

आप्पा नारळ फोडायला वाकले नाहीत. कान टवकारून उभे राहिले. "एक आवाज कमी आला," ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना निलेशकडे वळल्या. "मी म्हटलं, आप्पा," निलेश म्हणाला. "देवाशप्पथ म्हटलं."

"तुझा ऐकला. मी म्हातारा झालोय, बहिरा नाय झालो."

मथुराने मागे बघितलं. अनिल खळ्याच्या टोकाला, वाडीतल्या माणसांच्याही मागे उभा होता. खांद्यावर गिटारची पिशवी. तोंड मिटलेलं.

"मेल्या, तू म्हण ना," मथुरा म्हणाली. "घरच्यांनी म्हणायचं असतं ते. तुझ्यासाठी काय आता दुसऱ्या कोणी म्हणायचं?"

माणसं बाजूला झाली. आप्पा थांबले. ताशेवाला थांबला. अनिलने आयुष्यभर हजारो गाणाऱ्यांना सूर दिला होता, पण देवापुढे आपल्या तोंडाने काही बोलायची त्याच्यावर वेळ आली नव्हती.

"होय महाराजा," तो म्हणाला. आवाज फुटका आला, पण आला.

आप्पांनी नारळ फोडला. ताशा कडाडला. निलेशने पाटाच्या एका कडेखाली हात घातला, आणि दुसरी कड तशीच सोडून मान वर केली.

"काका, ती पिशवी ठेवा घरात," तो म्हणाला, "आणि ही बाजू धरा. एकट्याला जड होतो."